संशय हा शब्द तू खोडलास, गिरिजा

गिरिजा,

तुला निरोप देऊन सगळे रुद्रभूमीतून परतले, त्या दिवसापासून घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. नातेवाईक लगेच ओळखू येतात. ते आधी भाऊजींकडे बघतात आणि मग तुझ्या फोटोकडे. पण दुसरीही माणसं येतात. मी त्यांना ओळखत नाही, आणि चेहऱ्यावरून तूही ओळखलं असतंस की नाही कोण जाणे. ती दारातच उभी राहतात. बोलता बोलता त्यांचा हात नकळत गळ्याशी जातो, कुणाचा कानामागे, बायकांचा पदराआडून काखेपाशी. "हितं सुई लावली होती बाईंनी," एवढं सांगतात, चहा नको म्हणतात आणि जातात.

काल एक वयस्क गृहस्थ आले होते. हनुवटीखाली बोट ठेवून म्हणाले, "गाठ बघून घरच्यांनी कॅन्सर म्हणून रडून घेतलं होतं. बाईंनी सुई लावली, काच बघितली आन म्हणाल्या, टीबी हाय, गोळ्यांनी जाईल. सगळ्यांचं रडून झालं असंल तर आता जेवून घ्या." सांगताना हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले.

काही जण हळूच विचारतात, बाईंना कॅन्सर होता का? मी सांगते, नाही, हृदय थांबलं. ऐकून त्यांना बरं वाटतं. तुझ्यापुढे त्या आजाराने हार पत्करली, अशी त्यांची समजूत होते. मी ती दुरुस्त करत नाही.

हे सगळं लिहून काढायचं ठरवलं ते अन्वयामुळे. परवा टोरांटोहून तिचा फोन आला. "अज्जी, डॉक्टरअज्जी नेमकं काय करायची? ऑपरेशन?" मी म्हटलं, नाही. "मग औषधं द्यायची?" तेही नाही. "मग इतके लोक का येतात?" फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. अन्वया आणि तिचा भाऊ नील दोघेही मराठी मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचतात, म्हणून मी सोपं लिहिणार आहे. बोलणार तुझ्याशी, ऐकायचं त्यांनी.

तर मुलांनो, डॉक्टरअज्जी पेशी बघायची. आपलं शरीर ज्या अतिशय लहान कणांचं बनलेलं आहे, त्या पेशी. बारीक सुईने गाठीतून काढलेल्या, गालाच्या आतून खरवडलेल्या, गर्भाशयाच्या तोंडावरून लाकडी पट्टीने घेतलेल्या. त्या काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगायचं, हा कर्करोग आहे, हा नाही, आणि हा अजून झालेला नाही पण होण्याच्या वाटेवर आहे. शेवटचं सांगणं सगळ्यांत कठीण, आणि माणूस वाचतो तो बहुतेक वेळा त्याच सांगण्याने.

गिरिजा, तू मला पहिल्यांदा त्या नळीत डोकावायला लावलंस ते आठवतं. मी म्हटलं होतं, मला नुसते निळे-गुलाबी ठिपके दिसतात, होळीनंतरच्या शर्टासारखे. तू हसलीस. "अहो अक्का, भाकरीवर शेंगदाणा ठेवलाय असं समजा. भाकरी मोठी, शेंगदाणा लहान, ही चांगली पेशी. आता शेंगदाणा वाढायला लागला, काळा पडला, त्याची कड वाकडीतिकडी झाली आणि भाकरी उरलीच नाही, की घाबरायचं." मी पुन्हा पाहिलं. आणि खरोखर दिसलं मला! आयुष्यभर इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला कर्करोग शिकवायला तुला एक भाकरी पुरली.

तुझी थट्टाही अशीच. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या तपासणी शिबिरांना जाताना तू हेअर स्प्रेचे डबे घेऊन जायचीस. काचेवरच्या पेशी वाऱ्याने वाळल्या तर बिघडतात, म्हणून त्यांच्यावर लगेच स्प्रे मारायचा. दुकानदाराला वाटायचं, या डॉक्टरीणबाईंच्या घरी रोजच लग्न आहे. "अक्का, तुमच्या कॉलेजातल्या पोरींपेक्षा माझ्या काचा जास्त नटतात."

तू मला एरवी "अहो" म्हणायचीस. मी थोरली जाऊ, तू धाकटी, अक्कलकोटच्या घरातली रीतच तशी. फक्त रागावलीस की "तू" म्हणायचीस. आपल्या घरी त्यावरून सगळ्यांना कळायचं.

आणि तू सगळ्यांत जास्त वेळा रागावलीस ती एकाच गोष्टीवरून. रिपोर्ट कुठल्या भाषेत लिहायचा.

वीसेक वर्षं झाली असतील. मी दुपारी कॉलेज सुटल्यावर तुझे रिपोर्ट टाइप करून द्यायचे. वर इंग्रजी मजकूर आणि खाली तू सांगशील ती एक मराठी ओळ. माझा त्या ओळीला विरोध होता. इंग्रजी रिपोर्ट एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहितो. त्यात मध्येच मराठी कशाला? तुझं म्हणणं, कागद घरी जातो तो माणसाबरोबर. न कळलेला कागद माणूस पिशवीत ठेवतो आणि विसरतो. मी म्हणायचे, न कळलेल्या शब्दाने निदान कुणाचं घर तरी मोडत नाही. ते मी नुसतं वाद जिंकायला म्हणत होते. पुढे काय होणार याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

शिबिरात नरसम्मा आली होती. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, दिवसभर बिड्या वळणारी तरुण बाई. तिला काही त्रास नव्हता. शेजारणी आल्या म्हणून तीही आली. तिच्या गर्भाशयाच्या तोंडावरून घेतलेल्या पेशींच्या काचेवर तुला शेंगदाणे वाढलेले दिसले. भाकरी अजून शिल्लक होती. कर्करोग झालेला नव्हता, पण वर्षं गेली तर होणार होता. तू मला शब्द सांगितलास, मी टाइप केला: "संशयास्पद पेशी. पुन्हा तपासणी आवश्यक."

नरसम्मा पुन्हा आलीच नाही. तू वाट पाहिलीस, निरोप धाडलेस, शेवटी म्हणालीस, "अक्का, चला, आपणच जाऊ."

घर सापडलं. दारातच तिची सासू सुपात बिडीची पानं कापत बसली होती. तिने आपल्याला पाटसुद्धा दिला नाही.

"सून कुठं आहे?" तू विचारलंस.

"माहेरी. कुर्डुवाडीला. धाडून दिली."

"का?"

"तुमीच लिवलंय की बाई. शेजारच्या कंडक्टरनं वाचून दाखवलं. संशय. डागदरीणबाईला दिसलं, आमास्नी दिसलं न्हाय."

तुझ्या चेहऱ्याचा रंग उतरला. मलाही तेव्हाच कळलं. ज्या जागेची तपासणी होती, ती जागा. आणि खाली आपण लिहिलेला तो शब्द. त्या घराने त्याचा जो अर्थ लावला, तो आपल्या गावात कुणीही लावला असता.

"आई," तू म्हणालीस, "संशय पेशींवर आहे. बाईवर नाही."

सासूने कात्री खाली ठेवली. "पेशी कुनाच्या? तिच्याच न्हवं?"

तू तिथेच ओसरीवर बसलीस. थोड्या वेळाने सुपातली एक वळलेली बिडी उचललीस आणि विचारलंस, "कारखान्यात बिडी देता तेव्हा तपासनीस काही बिड्या बाजूला काढतो ना? काय म्हणता त्याला?"

"छाट."

"छाट निघाली की वळणारीला घराबाहेर काढतात?"

"पैसं कापत्यात!"

मला हसू आलं. सासूलाही आलं, पण तिने ते दाबलं. तू सोडलं नाहीस. "छाट का निघते? कधी पान खराब असतं, कधी तंबाखू दमट असतो. बाई वाईट चालीची आहे म्हणून छाट निघाली, असं कुणी म्हणतं का?"

"असं कसं म्हणतील?"

"मी त्या तपासनिसासारखी आहे. मला छाट दिसली, म्हणून पुन्हा बघायचं आहे. लवकर बघितली तर सून वाचते. नाहीतर दोन-चार वर्षांनी तिला मोठा आजार होईल, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसेल."

सासूने कात्री पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "तिला सांगा. मला काय सांगता?" त्या घराच्या मानाने ती परवानगीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आपण कुर्डुवाडीला गेलो. तिचा भाऊ रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, तो ड्यूटीवर गेलेला. वहिनीने दार उघडलं. नरसम्मा आत ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पुन्हा तपासून काय शाबित करायचंय तुमास्नी?"

"काहीच शाबित करायचं नाही. बाई चांगली का वाईट हे काचेवर दिसतच नाही, नरसम्मा. काचेवर फक्त आजार दिसतो. तुझा आजार अजून सुरू व्हायचाय. आत्ता आलीस तर लहानशा कामात सुटशील."

"मग संशय का लिवला?"

तू जमिनीवर तिच्यासमोर बसलीस. "माझा शब्द चुकला."

गिरिजा, मी घरात, कॉलेजात, दवाखान्यात खूप शिकलेली माणसं पाहिली. एखाद्या डॉक्टरला आपल्या पेशंटसमोर जमिनीवर बसून हे तीन शब्दांचं सत्य सांगताना पाहिलं नव्हतं. "माझं मराठी चुकलं. तुझ्या अंगाची चूक नाही."

नरसम्माने आता वर पाहिलं. "तोंडानं नका सांगू. सासू तोंडाचं आयकत न्हाय. तुमीच लिवलं, तुमीच खोडा."

तू पर्समधून रिपोर्टची प्रत काढलीस, "संशयास्पद" शब्दावर आडवी रेघ मारलीस आणि वहिनीला एकेक शब्द मोठ्याने सांगत खाली लिहिलंस: "या पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतात. हा कर्करोग नाही. पुढे होऊ नये म्हणून पुन्हा तपासायला या. यात कुणाचा दोष नाही." खाली सही केलीस.

"कुनाचा न्हाय म्हंजे माजा बी न्हाय?"

"तुझा तर नाहीच."

"आन ह्यांचा?"

"त्यांचाही नाही."

"ते बरं केलं," नरसम्मा म्हणाली. "न्हायतर सासूनं त्यो कागद चुलीत घातला असता."

ती आली. पुन्हा तपासणी झाली, मग मोठ्या दवाखान्यात त्या जागेचा एक छोटा तुकडा तपासला, आणि तुझं बरोबर निघालं. बिघडलेला तेवढा भाग काढून टाकला. संध्याकाळी ती घरी गेली, सासरच्या घरी. पुढची सगळी वर्षं तू तिला तपासणीला बोलावत राहिलीस आणि ती येत राहिली.

मुलांनो, कुणीतरी वाचलं हे या शास्त्रात असंच कळतं. वाजतगाजत कळत नाही. जे व्हायचं होतं ते होत नाही, एवढंच. शल्यविशारदांना पेशंट हार घालतात. काच वाचणाऱ्याचा चेहरासुद्धा त्यांनी पाहिलेला नसतो. गिरिजा, तुला त्याचं कधी वाईट वाटलं का, मी विचारलंच नाही. तू विचारण्याइतकी जागा द्यायचीच नाहीस. "हार घालून घ्यायला वेळ कुणाला आहे? माझा रंग वाळतोय."

कुर्डुवाडीच्या त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक रिपोर्टखाली ते शेवटचं वाक्य येऊ लागलं. संशय हा शब्द तू कायमचा हद्दपार केलास. डॉक्टरांच्या एका बैठकीत कुणीतरी टोमणा मारला, "मॅडम, हा रिपोर्ट आहे की शुभेच्छापत्र?" तू म्हणालीस, "शुभेच्छापत्र लोक वाचतात तरी."

मी मात्र भांडत राहिले. तंबाखूची गोळी गालात धरून धरून ज्याचं तोंड उघडेनासं झालं, त्याच्याही रिपोर्टवर "यात कुणाचा दोष नाही"? हे खोटं आहे, गिरिजा. आणि नरसम्माचा आजार ज्या विषाणूमुळे होतो, तो बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच येतो हे मी नंतर वाचलं होतं. तेही तुला ऐकवलं. तू भडकलीस. "तू मला विषाणू शिकवू नकोस, अक्का! विषाणूचा दोष म्हण हवं तर. त्या तंबाखूवाल्याला त्याची बायको सकाळपासून तेच सांगत असणार. घरात दोष सांगणारी माणसं भरपूर असतात. दवाखान्यात नेणारी कमी असतात."

मला ते पूर्ण पटलेलं नाही, आजही. सवय सोडवायची तर दोष कुठे आहे ते सांगायलाच हवं, आणि तू तो सांगायचीसही. पेशंटला समोर बसवून, दार लावून, चांगली खरडपट्टी काढायचीस. फक्त कागदावर यायला तुझी मनाई. जे बोलायचं ते एकट्या माणसाला, जे घरभर वाचलं जाणार त्यात नाही. हा फरक मला आत्ता लिहिताना दिसतो आहे. तू असतीस तर मी हे मान्य केलं नसतं. वाद निदान जेवणापर्यंत तरी चालवला असता.

तुझी आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. "मला कळत नाही" हे तू सहज म्हणायचीस. सुईत पेशी पुरेशा आल्या नाहीत की सरळ लिहायचीस, पेशी अपुऱ्या, पुन्हा या. लोक चिडायचे. एकदा एक मामा म्हणाले, "सारखी सुई लावली तर गाठ चिडंल की!" तू म्हणालीस, "चिडली तर शिव्या मला देईल, तुम्हाला नाही. बसा." सर्जन फोनवर घाई करायचे, "तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा." तुझं उत्तर ठरलेलं, "काचेवर आहे ते सांगते. वाटतं ते सांगत नाही." पेशी तपासून सगळंच कळतं असा दावा तू कधी केला नाहीस. सुई चुकीच्या जागी गेली तर रोग निसटतो, हे तू प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायचीस. म्हणून तू "आहे" म्हणालीस की आहेच असायचं, आणि म्हणून सगळा जिल्हा तुझ्या "नाही"वर निर्धास्त झोपायचा.

तुझा अभिमान वाटतो, हे वाक्य मी तुला कधी म्हटलं नाही. वर्गात इंग्रजीत कितीतरी मुलींना म्हटलं. त्या भाषेत ते सहज सुटतं. आपल्या घरात त्याऐवजी "आज उशीर केलास, भाकरी गार झाली" असं म्हणतात. तुला दोन्ही भाषा येत होत्या, तेव्हा तू ते ओळखलं असशील अशी माझी समजूत आहे. तरी इथे मराठीत लिहून ठेवते: मला तुझा फार अभिमान वाटतो.

आज सकाळी मी तुझ्या लॅबमध्ये गेले होते. तुझी विद्यार्थिनी आता ती चालवते. तुझे काचांचे खण वर्षवार लावून द्यायचे होते. ते काम तू दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतंस, मीही देत नाही. बाहेरच्या बाकावर नरसम्मा बसलेली दिसली. केस पांढरे झालेत. शेजारी तिची सून, कडेवरचं मूल घरी ठेवून आलेली.

मला पाहून नरसम्मा उठली, हात जोडले. म्हणाली, "बाई गेल्या म्हणून तपासनी चुकवायची न्हाय. हिला पयल्यांदाच आणलंय."

मी म्हटलं, "आत डॉक्टर आहेत. गिरिजाच्याच हाताखाली तयार झाल्यात."

"त्ये ठावं हाय मला. म्हणून तर आणली."

सून घाबरलेली होती. पदराचं टोक पिळत होती. आतून तिचं नाव पुकारलं तरी ती उठेना. तिने सासूला हळूच विचारलं, "अत्तम्मा, काय निगालं तर?"

नरसम्माने तिच्या हातातून पदराचं टोक सोडवलं आणि नीट केलं.

"निगालं तर माज्यासंगं घरी यायचं. जेवायचं. मग दोघी मिळून मोठ्या दवाखान्यात जायचं. चल, ऊठ."

सून उठली, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आत गेली.